आश्रितांचा रकाना

कवळ्या बनवणाऱ्यांच्या धंद्यात कागद घरी राहत नाही. दातांचा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेतो आणि प्लास्टिकच्या डब्यात घालून पाठवतो. डब्यात एक चिठ्ठी असते: वय किती, वरची की खालची, दातांचा रंग कोणत्या नंबरचा, कधी हवी. मग ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी शिजवायची, घासायची, चकाकवायची, आणि तयार कवळी त्याच डब्यात, त्याच चिठ्ठीसकट परत. काम गेलं की चिठ्ठी गेली. एखादी मागे राहिलीच, तर कुणीतरी म्हातारं माणूस कुठेतरी बिनदाताचं बसलंय असा त्याचा अर्थ.

या कामात जिचा जन्म गेला, त्या बाईला सगळे कवळीताई म्हणत. डॉक्टर म्हणत, डबे ने-आण करणारे म्हणत, कोपऱ्यावरचा औषधवालाही म्हणे. वय बावन्न. हातांवर प्लास्टरची न जाणारी पांढरी साय, नखांत गुलाबी भुकटी. हातात आलेला कागद ज्याचा त्याला देऊन मोकळं व्हायचं, हे वळण तिच्यात इतकं मुरलं होतं की ते वळण आहे हेही तिला माहीत नव्हतं. त्या वळणानेच तिला गोत्यात आणलं.

राहायला तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, खिडकीशी घासायची मोटर, आणि भिंतभर फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबके. "एवढे सगळे कुणाला हसतायत?" असं एकदा मीटर बघायला आलेल्याने विचारलं होतं. "बिल वाढवून लावणाऱ्याला," कवळीताई मोटर न थांबवता म्हणाली होती.

मागच्या खोलीत आई. सात वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाड सांधलं, पण चालणं गेलं ते गेलंच. तोवर ती दादाकडे राहत होती. दादाच्या घराला जिने, वहिनीची कंबर धरलेली, मुलांच्या परीक्षा तोंडावर. "तात्पुरती तुझ्याकडे राहू दे, छोटे," दादा म्हणाला होता. पन्नाशी उलटली तरी तो तिला छोटीच म्हणे. पुढे परीक्षा देणारी मुलं नोकरीला लागली आणि वहिनी सकाळची पळायला जाऊ लागली. आई जिथे तात्पुरती होती तिथेच राहिली.

कवळीताईचं लग्न झालं होतं आणि लवकरच आटोपलंही होतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर ती, परत आलेल्या कवळीबद्दल बोलावं तशी, दोनच शब्द बोले: "बसलं नाही." नंतर ती एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली साचे धुवायला लागली आणि त्याच्यामागे त्याची मोटर, त्याचं टेबल आणि त्याचे चार डॉक्टर तिच्याकडे आले. या कामात चूक लपत नाही. दात केसभर उंच बसला तरी पेशंटला पहिल्या घासाला कळतं. त्यामुळे ती बोलण्यातही मोजून मापून होती. तिने कुणाकडे काही मागितलं असं सहसा झालं नाही.

आईच्या बिलांचं म्हणाल तर त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. वर्ष संपलं की दादा यायचा आणि बिलांची पिशवी घेऊन जायचा. औषधं, डायपर, व्यायाम शिकवणारी मुलगी, चाकांची खुर्ची, दिवसभर आईपाशी राहणाऱ्या मावशीचा पगार. हे सगळं कवळीताईच्या खिशातून जाई, आणि त्याचे कागद ती महिन्यावार टाचणी लावून ठेवी. "तू कुठे करात बसतेस?" दादा म्हणायचा. "तुझ्याकडे हे कुजणार. माझ्याकडे निदान कामाला येतील." ते खरंही होतं. डॉक्टर पाकिटातून रोख देत आणि तिची कमाई अशी की कर खात्याने ढुंकूनही बघू नये. मग दादा त्या कागदांच्या जोरावर आई आपल्या आश्रयाला आहे असं दाखवी, आई तशी सही करून देई, आणि दादाचा कर कमी होई. कवळीताई समोर उभी राहून चहा ओतत असे. पिशवी देऊन टाकली की तिला कामातून मोकळं झाल्यासारखं वाटे.

या वर्षी गणित फिरलं. पुलाजवळच्या डॉक्टरांनी आपला दवाखाना एका मोठ्या कंपनीला विकला आणि स्वतः तिथे पगारावर बसले. कंपनीने कवळीताईला काम दुप्पट दिलं, पण पाकीट बंद केलं. सगळे पैसे बँकेत आणि त्याची खबर परस्पर कर खात्याला. वर्ष सरतं तोच खात्याचं पत्र आलं. तिने ते घेऊन पुलाजवळच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर ओशाळं हसले आणि एका करसल्लागाराचा नंबर देत म्हणाले, "माणूस चांगला आहे. फक्त कागद नीट लावून न्या, नाहीतर तो रडतो."

करसल्लागार फोनवर रडला नाही. त्याने आवाजावरून वय ओळखून तिला 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि वर्षाची कमाई विचारली. मग खर्च विचारले: प्लास्टर, मेण, दातांचे संच, वीज, भाडं. मधूनमधून त्याच्या गणकयंत्राचा आवाज येत होता. शेवटी त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून कवळीताईने जवळच्या स्टुलाला हात लावून ते जागेवर आहे याची खात्री केली आणि मग ती त्यावर बसली. एवढा कर भरायचा म्हणजे मावशीला घरी बसवायचं. मावशीला घरी बसवायचं म्हणजे आईचं उठणं-बसणं स्वतः करायचं, म्हणजे अर्धी कामं परत पाठवायची.

"थांबा, घाबरू नका," करसल्लागार म्हणाला. "आश्रित कोण आहे घरात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या जिवावर कोण जगतं, बाई?"

कवळीताईने मागच्या खोलीकडे पाहिलं. मावशी आईला पेपर वाचून दाखवत होती. "आई," ती म्हणाली.

"मग काळजी मिटलीच की! आईची सगळी बिलं आणा. देखभालीला बाई असेल तर तिच्या पावत्या आणा. हा आकडा आहे ना, तो चहापाण्याच्या खर्चाइतका खाली येईल. फक्त आईची एक सही लागेल, की मी हिच्या आश्रयाला राहते. नमुना पाठवतो. आणि दुसऱ्या कुणा भावंडाने आईला दाखवलेलं नसावं. एक आई एकाच मुलाच्या कागदावर."

"भाऊ दाखवतो. दरवर्षी."

"या वर्षी दाखवलंय?"

"अजून नाही. रविवारी येणार आहे न्यायला."

"आईला?"

"कागद."

पलीकडे गणकयंत्राचा आवाज थांबला. मग करसल्लागार म्हणाला, "बुधवारी या माझ्याकडे. पण काय ते रविवारी ठरवून टाका. सही ज्याच्या कागदावर, आई त्याची."

त्या आठवड्यात कवळीताईने कधी केलं नव्हतं असं काम केलं. टेबलावरचे जबडे बाजूला सारून तिने रिकामे डबे ओळीने मांडले आणि प्रत्येकात चिठ्ठी टाकली: माल, वीज, भाडं, आलेले पैसे, आई. मग घर उपसायला घेतलं. मालाची बिलं निम्मी गायबच होती. प्लास्टरवाला खोक्याच्या झाकणावर रक्कम लिहून द्यायचा आणि ती खोकी मोडून त्यात तयार कामं पाठवलेली. तिने त्याला फोन केला.

"वर्षभराची बिलं परत काढून देता का?"

"कवळीताई, तुम्ही बिल मागताय? बरं वाटत नाही का?"

"देता की नाही?"

"देतो हो. पण मला पण मग ती दाखवावी लागतील ना," तो कण्हल्यासारखा म्हणाला.

मावशी दुपारी आई डुलकी घेत असताना मदतीला येऊन बसे. मावशी साठीला टेकलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी. पेपरातल्या निधनाच्या बातम्या ती आईला रोज मोठ्याने वाचून दाखवी आणि आई ओळखीची-अनोळखी सगळी माणसं निकालात काढी. आता ती पावत्या वाचून ज्या त्या डब्यात टाकू लागली. "ताई, हा आजींचा डबा भरला."

"दुसरा घे."

"दुसरापण भरला. अहो, एवढे डायपर! मी बदलले ते, पण असे कागदावर बघितले नव्हते."

शेवटी आईच्या वाट्याला प्लास्टर कालवायची रिकामी बादली आली. तीही काठाशी आली. कवळीताई बादलीकडे बघत राहिली. एका वर्षाची ही बादली. अशा सहा तिने टाचण्या लावून देऊन टाकल्या होत्या. तिच्याकडे आता दाखवायला त्यातलं चिटोरंही नव्हतं. मागच्या सहा वर्षांत आई कुणी सांभाळली असं कुणी विचारलं असतं, तर सगळा पुरावा दादाच्या कपाटात, नीट महिन्यावार लावलेला.

शनिवारी तिने आईची नखं कापता कापता विषय काढला. सगळं सांगितलं: पत्र, आकडा, मावशीचा पगार, सही. आईचं डोकं लख्ख होतं. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ठेव तो कागद तिकडे. चष्मा नाहीये आत्ता."

चष्मा उशाशी होता. कवळीताईने करंगळीचं नख कापलं आणि कागद चष्म्याखाली ठेवला.

रविवारी सकाळी आईने कवळी मागितली. एरवी ती कवळी वाटीतल्या पाण्यात पडून असे. आई दूध-बिस्किटावर आणि मऊ भातावर भागवी. पण दादा यायच्या दिवशी तिला दात लागत. ही कवळी कवळीताईने केलेली, आईच्या हिरड्या आक्रसतील तशी पुन्हा पुन्हा नव्याने केलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई मात्र सांगे की मोठ्या डॉक्टरांनी खास बनवून दिली. कवळीताई मोटरवर असली तर तिला ते ऐकू येत नसे. नसली तर येई.

दादा सफरचंदांची पिशवी घेऊन आला. कवळीने सफरचंद चावता येत नाही हे इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती सफरचंदं मावशीच्या घरी जात. वहिनी बाहेर गाडीतच थांबली होती, पार्किंग मिळालं नाही म्हणून. आईने दादाचा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा असा उजळला की मावशीने तोंड फिरवून भांडी आवरायला घेतली.

"काय छोटे, पिशवी तयार?" दादाने खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि आई, तुझी एक सही."

"दादा, या वर्षी आई माझ्या कागदावर दाखवायची आहे," कवळीताई म्हणाली. हे वाक्य तिने दोन दिवस घोळवलं होतं, त्यामुळे ते पाठ केल्यासारखं आलं.

दादा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "तू कर भरणार? कधीपासून?"

तिने सांगितलं. आकडाही सांगितला. दादाने तो मनातल्या मनात फिरवून पाहिला. तो एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागात होता आणि आकड्यांशी त्याचं बरं जमे. "हे बघ, शांतपणे विचार कर," तो म्हणाला. "माझा पगार वरच्या टप्प्यात. आई माझ्याकडे दाखवली की सूट मोठी मिळते. तुझ्याकडे दाखवली तर छोटी. मग मोठी सूट सोडून छोटी घ्यायची यात घराचा काय फायदा?"

"घराचा म्हणजे कुणाच्या खिशाचा?"

"आता तू आईचा हिशेब करणार माझ्याशी?"

"मी नाही करत. खातं करतंय. मावशीला काढावं लागेल मला."

"काढायचं काय त्यात? तू घरीच असतेस की दिवसभर."

मोरीत भांडं जरा जोरात आपटलं. मावशी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. दादाला तिला बघून आठवण झाली. "बरं झालं मावशी. या वर्षी पावत्यांवर माझं नाव घालून सह्या करून द्या. खात्याचे लोक आता बारीक बघतात, पगार कुणी दिला ते."

"मला कुठे हो लिहिता-वाचता येतं," मावशी म्हणाली. तिच्या काखेत त्या दिवशीचा पेपर होता.

"नुसती सही—"

"अंगठा लावते मी. आणि अंगठा तर बघा, कापलाय." तिने धडधाकट अंगठा वर करून दाखवला आणि ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

दादा आईकडे वळला. "आई, तूच सांग."

खोलीत आता दोन कागद होते. एक दादाच्या हातात, एक चष्म्याखाली. आईने चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला आणि खालचा कागद वाचलासुद्धा. मग तो तिने होता तसा परत ठेवला.

"तू करतेस गं," ती कवळीताईला म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. कुणी विचारलं तर सांगेन, हात चांगला आहे तिचा. पण मुलगा असताना मी मुलीच्या आश्रयाला आहे असं लिहून द्यायचं? उद्या ते कागद कुठे कुठे जातील. कुणी काय म्हणेल? की ह्याने आईला टाकली?"

"टाकलीच आहे की," कवळीताई म्हणाली.

"अगं!" दादा उसळला.

"गप रे तू," आई म्हणाली. मग मुलीकडे वळून, आवाज न चढवता, जणू एखादी साधी गोष्ट समजावतेय अशा सुरात: "करतेस ते कर. लिहायचं कशाला?"

दादाने पेन पुढे केलं. आईची सही अजून घोटीव होती. तिने ती सावकाश, प्रत्येक वळण घेत केली आणि पेनला टोपण लावून परत दिलं.

कवळीताईने भांडण केलं नाही. सही झाल्यावर बादलीतले कागद तिच्या काही कामाचे नव्हते. तिने ते पिशवीत भरले. टाचण्या मात्र या वेळी लावलेल्या नव्हत्या, म्हणून दादा कुरकुरला, "हे महिन्यावार नाहीयेत?"

"नाहीत."

"मला लावत बसावं लागेल आता."

"लाव," कवळीताई म्हणाली. तो दारापुढच्या दोन पायऱ्या उतरला तेव्हा तिने विचारलं, "आई तुझ्या कागदावर आहे, तर पुढच्या महिन्यापासून मावशीचा पगार तू देशील?"

"बघू," दादा म्हणाला. "फोन करतो."

बुधवारी ती करसल्लागाराकडे गेली. चपलांच्या दुकानावरची लांबट खोली, भिंतीला टेकून ठेवलेल्या फायली, आणि टेबलामागे एक जाडसर, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. तिने पिशवीतून एकेक डबा काढून टेबलावर मांडला. त्याने झाकणं उघडली, आतल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि खूश झाला. "वा, बाई! माझ्याकडे लोक उशीच्या अभ्र्यात घालून आणतात." मग त्याने डब्यांवरून नजर फिरवली. "आई कुठे आहे?"

"गेली."

त्याचा चष्मा नाकावर आला. "कधी?"

"भावाकडे गेली. म्हणजे कागद गेले. सही पण."

"आणि आई?"

"आई घरी आहे."

करसल्लागाराने पेन खाली ठेवलं. तो बरा माणूस होता. वर्षानुवर्षं लोकांची घरं कागदांतून बघितल्यामुळे त्याला फारसं नवल वाटत नसे. पण काम अर्धवट सुटलं की त्याला चुटपुट लागे. "हे बघा, असं नाही," तो म्हणाला. "आपण लिहू. आई तुमच्याच पत्त्यावर राहते हे खरं आहे ना? मग झालं. औषधवाल्याकडे नोंदी असतात. देखभालीची बाई सांगेल. मी तुमच्या बाजूने लिहितो, खात्याचा माणूस चौकशीला घरी येईल, तुमच्या आईला विचारेल, आणि—"

"आईला विचारणार?"

"तिलाच विचारणार ना. दुसऱ्या कुणाला विचारायचं?"

कवळीताईला ते दिसलं. कुणी अनोळखी माणूस खुर्ची ओढून आईच्या पलंगाशी बसलाय, आईने दात लावलेत, आणि ती त्या माणसाला सांगतेय. आई काय सांगेल त्याचा शब्दन् शब्द तिला माहीत होता. तोच सूरही. आतापर्यंत ते फक्त चौघांत बोललं गेलं होतं. ते आणखी एका वहीत उतरवून घेण्यासाठी तिला आपल्याच घराचं दार उघडावं लागणार होतं, आणि वर चहाही करावा लागणार होता.

"राहू द्या," ती म्हणाली.

"बाई, पैशांचा विचार करा."

"केला."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो अर्ज भरू लागला. आलेले पैसे, माल, वीज, भाडं. तो बोटाने ओळ धरून खाली सरकत होता. "आश्रित?"

"कोणी नाही."

त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. रेघ मारताना त्याने पट्टी घेतली नाही, तरी ती सरळ आली. पुढची ओळ वाचताना तो अडखळला. "राहत्या घरात एकूण माणसं? हे भरावंच लागतं."

"दोन."

"म्हणजे कागदोपत्री आई तुमच्याकडे पाहुणी," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने नाकावरचा चष्मा काढून उगाच पुसला. मग त्याने कर तीन हप्त्यांत भरण्याची सोय करून दिली आणि स्वतःच्या फीचा आकडा न सांगता नुसतं म्हणाला, "माझं नंतर बघू." ती म्हणाली, "आत्ताच बघू," आकडा विचारून घेतला आणि पैसे मोजून टेबलावर ठेवले. उरलेली चिल्लरही तिने मागून घेतली.

घरी येऊन तिने दादाला फोन लावला. तो बैठकीत होता. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हा म्हणाला की या वर्षी गाडीचे हप्ते आहेत, धाकट्याचं लग्न ठरतंय, पुढच्या वर्षी नक्की बघू. "आणि छोटे, औषधांची दोन बिलं पुसट आलीयेत, ती औषधवाल्याकडून परत काढून घेशील का?" तिने फोन ठेवला. बिलं काढली नाहीत. दादाला ती लागलीही नाहीत, त्याचं काम त्याशिवाय झालं.

पहिला हप्ता गेला त्या महिन्याच्या शेवटी तिने मावशीला सांगितलं. मावशीने आरडाओरडा केला नाही. "मला त्या रविवारीच कळलं होतं," ती एवढंच म्हणाली. शेवटच्या दिवशी तिने आईला न्हाऊमाखू घातलं, चादर बदलली, औषधांच्या वेळा कवळीताईला पुन्हा एकदा ऐकवल्या, जणू घर तिचं होतं आणि कवळीताई नव्याने कामाला लागलेली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशी जाते आहे हे तिला सांगितलं होतं. "कुणी काढलं तिला?" आईने विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघितली नव्हती.

चपला घालता घालता मावशी दारात थांबली. "ताई, एक चिठ्ठी द्या लिहून. मी इथे होते म्हणून. पुढच्या घरी विचारतात."

कवळीताई कामाच्या टेबलाशी बसली. वाट बघणारे चार जबडे बाजूला सारले आणि वहीतला कोरा कागद घेतला. या बाईंनी माझ्या आईची देखभाल केली, असं तिने लिहिलं. किती वर्षं ते लिहिलं. कामात चोख, स्वभावाने प्रामाणिक. आईला मी सांभाळते, त्यासाठी यांना मी नेमलं होतं, पगार मी देत होते. ही दोन वाक्यं लिहून ती थांबली आणि पुन्हा वाचली.

मावशी खांद्यावरून वाचत होती. "सोडण्याचं कारण लिहा."

"काय लिहू? पैसे नव्हते?"

"ते नको. मग पुढचे पगार पाडून देतात. म्हणतात, हिला कमीची सवय आहे."

"मग?"

"वारल्या असं लिहितात सगळे."

आत आई खोकली. दोघींनी तिकडे पाहिलं.

"बरं, तेही नको," मावशी आवाज खाली आणून म्हणाली. "मुलाकडे राहायला गेल्या असं लिहा. ते कुणाला खटकत नाही. पुढे कुणी विचारायलाही येत नाही."

कवळीताईने पेन कागदावर टेकवलं. मग लिहिलं: आई आता कायमची तिच्या मुलाकडे असते, त्यामुळे यांची गरज उरली नाही. खाली तारीख घातली, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला. मावशीने तो चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन ओढली, आणि दादाने मागच्या खेपेला आणलेल्या सफरचंदांची पिशवी उचलून ती गेली.

आतून आईने मावशीला हाक मारली. कवळीताई उठली.